सोमवारचा भोंगा

पिंपळझरीत घरटी दोन-दोन मोबाइल झाले, तरी सोमवारी सकाळचे आठ वाजले हे सांगायचं काम धरणाच्या भोंग्याकडेच होतं. भोंगा वाजला की बायका भाताचं आधण ठेवत, निंदणाला जाणाऱ्या डबे उचलत आणि शाळेचे मास्तर मोटारसायकलचा वेग वाढवत. मिनिटभर वाजून तो गुरगुरत बंद व्हायचा. हे सरकारचंच काही असेल, असं सगळे धरून चालत. म्हाताऱ्या देवकाबाईला तर खात्री होती की सोमवार महादेवाचा, म्हणून वाजवतात.

सरकारचं त्यात काही नव्हतं आणि महादेवाचंही नव्हतं. भोंगा हरिदास वाजवायचा, स्वतःच्या मनानं.

अकरा वर्षांपूर्वी धरणाचे दरवाजे उघडायच्या वेळी त्यानं बटण दाबलं आणि भोंगा नुसता हूं हूं करत राहिला. आतलं चाक गंजून बसलं होतं आणि कर्ण्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. त्या दिवशी खालच्या गावच्या एका धनगराच्या चाळीस शेळ्या वाहून गेल्या. हरिदासनं त्या दुसऱ्या दिवशी बाभळींना अडकलेल्या पाहिल्या. तेव्हापासून दर सोमवारी आठ वाजता तो भोंगा वाजवून बघायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. पाच-सहा साहेब आले आणि गेले. प्रत्येकाला वाटलं, आधीच्या साहेबाचा हुकूम असेल.

हरिदास बावन्न वर्षांचा. धरणावर बावीस वर्षं रोजंदारीत. पाण्याची पातळी वाचायची, दरवाज्यांच्या साखळ्यांना ग्रीस लावायचं, भोंगा सांभाळायचा. त्याला कायम करायची फाइल या उन्हाळ्यात वर चढत चढत शेवटच्या टेबलापाशी गेली होती. घरचं वावर तीन एकर, नदीला लागून. ते त्याची बायको सीताबाई बघायची, आणि बरं बघायची. यंदाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागत होती.

पोळा सोमवारी आला.

आदल्या दिवशी वरच्या डोंगरात धो धो पाऊस झाला होता. पिंपळझरीत मात्र शिंतोडेच पडले आणि सकाळी लख्ख ऊन निघालं. पोळ्याच्या सकाळी गावचे सगळे बैल नदीवर धुवायला नेतात, धरणाखाली सहा किलोमीटरवर जो डोह आहे तिथं. हरिदासच्या घरी बुद्धवंदना असते, बैलांची पूजा नसते. पण बैल धुणं आणि खांदे शेकणं कधी चुकलं नाही. हरिदास ड्यूटीवर म्हणून या वेळी बैल सीताबाईनं नेले.

"डाव्याले जपून उतरवजो," निघताना त्यानं सांगितलं होतं. "पानी पाह्यलं का बिचकते तो."

"तुमी दरवाजे सांबाळा. बैल मी सांबाळतो," ती म्हणाली होती.

धरणावरच्या केबिनमध्ये मयुरी मॅडम सहापासून बसल्या होत्या. त्या शाखा अभियंता, साताऱ्याकडच्या, वय अठ्ठावीस, इथं येऊन चौदा महिने झालेले. टेबलावर प्लॅस्टिकच्या कव्हरातलं वेळापत्रक होतं. कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं आणि त्याच्या वर गेलं की किती सोडायचं, ते सगळं त्यात छापलेलं. पावणेआठला हरिदासनं पातळी वाचून सांगितली. पाणी रेषेला टेकलं होतं आणि वरून वाढतच होतं.

"तीन दरवाजे, अर्धा मीटर," मॅडम म्हणाल्या. "आठ वाजता उघडू. हरिदासदादा, भोंगा वाजवा."

हरिदासचा हात बटणाकडे गेला आणि तिथंच थांबला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठाला आठ मिनिटं कमी होती.

"मॅडम, आज सोमवार हाय."

"बरं, मग?"

"सोमवारी आठाले भोंगा वाजला तं कोनी मान वर करून पाहात नाई. लोकं समजतीन, रोजचाच हाय. आन् आज पोळा. अख्खं गाव बैलं घेऊन डोहात उतरलं हाय."

"सोमवारी वाजवायचा आदेश कुणाचा आहे?"

"कोनाचाच नाई. माहाच हाय."

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जास्त वेळ वाजवू. पाच मिनिटं."

हरिदासनं मान खाली घातली. "मागच्या पोळ्याले म्या पाच मिनिटं वाजवलता, तोरण तुटून बैलं सुटाच्या वक्ती. खुशीत. पोरं नाचले होते."

मग फोन सुरू झाले. पोलीस पाटलाचा फोन त्याच्या घरी वाजला, त्याच्या बायकोनं उचलला आणि 'नदीवर गेले, सांगाले धाडाले घरी कोनी नाई' म्हणाली. वावराशेजारच्या वासुदेवरावांचा फोन वाजत राहिला. तो त्यांच्या सदऱ्यात होता आणि सदरा बाभळीवर होता, हे नंतर कळलं. पाण्यात उतरणारा माणूस फोन घेऊन उतरत नाही. मॅडमनी वरच्या साहेबांना फोन लावला, तर ते पोळ्याच्या सुटीवर, कव्हरेजच्या बाहेर. धरणावरचा दुसरा मजूर लहानू याला मोटारसायकलवर पिटाळलं. पण पांदणीत गुडघाभर चिखल होता, डोहापर्यंत त्याला दीड तास तरी लागणार होता. सोडलेलं पाणी चाळीस मिनिटांत पोचलं असतं.

मॅडम वेळापत्रकाचं शेवटचं पान वाचत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. तिथं लिहिलं होतं की तातडीच्या प्रसंगी शाखा अभियंत्यानं आपल्या विवेकानुसार निर्णय घ्यावा आणि वरिष्ठांना कळवावं.

हरिदासच्या डोळ्यांपुढे डावा बैल होता. लुगड्याचा ओचा खोचून सीताबाई त्याला पाण्यात ओढत असेल आणि तो मागे रेटत असेल.

"मॅडम, लहानू पोचतवर थांबा," तो म्हणाला. "हात जोडतो."

"थांबले तर नंतर जास्त सोडावं लागेल. समजतंय ना तुम्हाला? पाणी काठाबाहेर जाईल."

"समजते."

त्याला खरंच समजत होतं. काठ म्हणजे त्याचंच वावर होतं.

मॅडमनी खिडकीतून पाण्याकडे पाहिलं. "थांबते मी," त्या म्हणाल्या.

लहानूचा फोन दहा वाजून दहा मिनिटांनी आला. बैल निघाले, माणसं निघाली. दहा वीसला सातही दरवाजे एक-एक मीटर उचलले. तेव्हा मात्र भोंगा वाजला आणि लांब वाजला. दुपारी बारापर्यंत नदी दोन्ही काठांच्या वावरांत शिरली होती. सत्तर एकरांवर पाणी फिरलं. माणूस गेलं नाही, बैल गेला नाही, एक कोंबडीसुद्धा गेली नाही. संध्याकाळी पोळा भरला, पण तोरणाखाली उभे असलेले लोक बैलांकडे कमी आणि नदीकडे जास्त बघत होते.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. सीताबाई पहाटेच वावरात गेली. हरिदास रात्रपाळी करून थेट तिथंच आला. पऱ्हाटी सगळी एका अंगाला झोपली होती, पानांवर गाळाचा लेप आणि बोंडांत पाणी. पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जायचा आणि उपसताना चप्पल आतच राहायची. दोघं चपला वावराच्या कडेला धुऱ्यावर ठेवून कामाला लागले. एकेक झाड उभं करायचं, बुडाशी गाळ हातानं दाबायचा, पानं पुसायची. दुपारपर्यंत दोन तासं, म्हणजे झाडांच्या दोन ओळी, झाली. सीताबाईच्या बोटांच्या बेचक्या चिखलानं सोलून निघाल्या. तिनं हात नदीत धुतले आणि पुन्हा वाकली.

"त्या मॅडमनं काऊन थांबवले असन दरवाजे?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आठालेच थोडंसं सोडलं असतं तं नदीतल्या नदीत गेलं असतं. वासुदेवराव म्हनून राह्यले होते. पोरसवदा हाय बिचारी, भेली असन."

 एक झाड दाबता दाबता हरिदासच्या हातात मोडलं.

शेजारचं वावर वासुदेवरावांचं, आठ एकर. सत्तरीचा माणूस, तोंडानं फटकळ, पण अडीनडीला धावणारा. ते धुऱ्यावर काठी टेकून उभे राहत आणि हरिदास दिसला की बोलत.

"काय हरिदास, धरन तुह्या हातात आन् वावर बी तुहं बुडलं? घरच्या मानसालेच नाई सांगतलं का पानी येते म्हून?"

"काय सांगू काकाजी."

"तलाठी येऊन गेला. म्हनते, आपल्या मंडळात पाऊस अठराच मिलिमीटर. अतिवृष्टीत बसत नाई, भरपाई नाई. हे पानी आभायातलं नाई म्हनते, दरवाज्यातलं हाय, धरनवाल्याहीले विचारा. धरनवाले म्हनतात, आमी नियमानं सोडलं. आता सांग, माही पऱ्हाटी कोन्या नियमानं बुडाली?"

किराणा दुकानात हरिदास गेला की बोलणं बंद पडायचं. नळावर सीताबाईची घागर मागे सरकवली गेली. एकानं तर लहानूला ऐकू जाईल असं म्हटलं की धरणावरचे लोक पोळ्याची दारू पिऊन पडले असतील. हरिदास उभ्या जन्मात प्यायला नव्हता. हे मात्र त्याला फार लागलं.

गावानं तक्रार केली आणि चौकशी लागली. पुढच्या शुक्रवारी नागपूरहून साहेब येणार होते. गुरुवारी मॅडमनी हरिदासला केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या तुम्ही काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "निर्णय मी घेतला. नोंदवहीत मी लिहिलंय, नदीपात्रात लोक आणि जनावरं असल्यानं दरवाजे उशिरा उघडले. खाली सही माझी आहे."

"पन भोंग्याचं?"

"भोंग्याचं कशाला काढायचं? तुमची फाइल शेवटच्या टेबलावर आहे दादा. हे बाहेर आलं तर ती तिथूनच परत फिरेल. माझं काय, फार तर बदली होईल."

हरिदास घरी आला. जेवला. सीताबाईनं त्याच्या पायाच्या चिरांत कोकम तेल भरलं. मुलगी पौर्णिमा वर्ध्याला नर्सिंगला होती, तिचा फोन आला. तिनं विचारलं, बाबा, तुमच्या कायम होण्याचं काय झालं? होईन, तो म्हणाला. सीताबाईला सांगायचं त्याच्या दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा त्यानं पाणी पिऊन ते खाली ढकललं.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. बायका भिंतीशी, सीताबाई त्यांच्यात. नागपूरचे साहेब सावकाश बोलणारे, चष्मा कपाळावर चढवून वाचणारे. त्यांनी मॅडमना उभं केलं.

"पातळी पावणेआठला रेषेवर आली. दरवाजे दहा वीसला उघडले. अडीच तास कोणत्या अधिकारात थांबलात?"

मॅडमनी शेवटच्या पानाचा नियम सांगितला. साहेबांनी तो वाचला, चष्मा वर केला.

"यात तातडीनं दरवाजे उघडण्याचा अधिकार तुम्हाला दिलाय. न उघडण्याचा कुठे आहे?"

"नदीत माणसं होती, सर."

"त्यासाठीच भोंगा असतो. भोंगा वाजवायचा, दहा मिनिटं द्यायची, दरवाजे उघडायचे. भोंगा चालू स्थितीत होता?"

"होता."

"मग वाजवला का नाही?"

 "तो माझा निर्णय होता," मॅडम म्हणाल्या.

"काऊन?" वासुदेवराव उभे राहून ओरडले. "आमी काय बहिरे हाओत? भोंगा वाजवाले काय पैसे पडते का?" मागून चार आवाज उठले. एक जण म्हणाला, झोपली असन. कोणी तरी हसलं.

हरिदास दाराशी उकिडवा बसला होता. ते हसणं ऐकलं आणि तो उठला. गुडघे वाजले.

"साहेब, मॅडमचं काई चुकलं नाई. भोंगा म्या बिघडवला."

"बिघडवला? आत्ता तर मॅडम चालू होता म्हणाल्या."

"चालू होता. पन सोमवारी कामाचा नव्हता." आणि त्यानं सांगितलं. चाळीस शेळ्या, गंजलेलं चाक, अकरा वर्षांचे सोमवार. बोलताना तो साहेबांकडे नाही, समोरच्या फरशीकडे बघत होता. "गाव सावध राहावं म्हून वाजवत होतो साहेब. वाजवून वाजवून म्याच गावाले त्याची सवय लावली. त्या दिवशी वाजवला असता तं बायकाहीनं आधण ठेवलं असतं. म्या मॅडमले हात जोडले, थांबा म्हटलं."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. साहेबांनी लिहिणं थांबवलं.

"सोमवारी वाजवायचा लेखी आदेश?"

"नाई."

"नोंद?"

"नाई."

"त्या वेळी नदीत तुमच्या घरचं कोणी होतं?"

हरिदासनं पहिल्यांदा मान वर केली. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या आणि डोळ्यांनीच नको म्हणत होत्या.

"होय. माही बायको होती. आन् माहे बैल."

"म्हणजे बायकोसाठी दरवाजे थांबवले."

"तिच्यासाठी बी," हरिदास म्हणाला. "ती नसती तरी म्या हात जोडले असते का, हे मले नाई सांगता येत साहेब. लय इचार केला. जोडले असते असं वाटते. पन शपथ नाई घेता येत."

 मग वासुदेवराव, जे अजून उभेच होते, काठी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, "लिहा साहेब, भोंगा वाजला असता तं मी निंघालो नसतो. माही दोन्ही बैलं डोहाच्या मधात होते. आठ वाजले म्हटलं असतं आन् पाठ घासत राह्यलो असतो." ते थांबले. "पन माही पऱ्हाटी तं गेली ना. आठ एकर. तेबी लिहा."

"लिहिलं," साहेब म्हणाले.

घरी परतताना सीताबाई दहा पावलं पुढे चालत होती. पांदणीच्या तोंडाशी ती थांबली.

"मले काऊन नाई सांगतलं? इतके दिवस वाकून चिखल काढून राह्यली मी तुमच्या बाजूनं. अख्ख्या गावासंगं ऐकाले लावलं मले."

"सांगून काय केलं असतं?"

"मी म्हटलं असतं, मी बी नसती निंघाली." तिनं नदीकडे हात केला. "डावा तं तवा नुकताच पान्यात उतरला होता. आठाचा भोंगा ऐकला असता तं मी म्हटलं असतं, पाहा, माहा नवरा ड्यूटी करून राह्यला."

हरिदासला रडू आलं. त्यानं ते लपवलं नाही. ती तिथंच उभी राहिली, त्याचं होईपर्यंत. मग दोघं घरी न जाता वावरात गेले, कारण पऱ्हाटीची अजून पाच तासं पडलेली होती.

आदेश तीन आठवड्यांनी आला. मॅडमना कारणे दाखवा नोटीस. सत्तर एकरांच्या भरपाईबद्दल एवढंच की प्रकरण विचाराधीन आहे. रोजंदारी मजूर हरिदास यानं शासकीय यंत्रणा विनाआदेश चालवल्याचं मान्य केलं, सबब त्याला कायम करण्याचा प्रस्ताव परत. त्याला कामावरून काढायचं मात्र कोणी लिहिलं नव्हतं, कारण त्या पगारात तिथं राहणारा दुसरा कोणी नव्हता. शेवटची ओळ अशी होती की यापुढे लेखी आदेशाशिवाय भोंगा वाजवू नये. बटणाच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली मॅडमच्या टेबलाच्या खणात गेली.

पुढच्या सोमवारी आठ वाजून गेले तरी पिंपळझरीत बऱ्याच जणींची चूल पेटली नाही. मास्तर वीस मिनिटं उशिरा आले. नळावर देवकाबाईनं सीताबाईला विचारलं, "अवं सीता, आज भोंगा काऊन नाई वाजला? महादेव कोपला का काय?"

सीताबाईनं घागर नळाखाली लावली. आज ती कोणी मागे सरकवली नाही.

"आता भोंग्यावर आधण नोका ठेवू बुढीमाय," ती म्हणाली. "आता कवाबी वाजला तं लेकरं-ढोरं घेऊन पळजा."

त्याच वेळी सहा किलोमीटरवर हरिदास केबिनच्या गच्चीवर चढला होता. खिशात पेचकस, हातात तेलाची बुधली. त्यानं भोंग्याच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. कर्ण्यात एका गांधीलमाशीनं मातीचं नवं घर बांधायला घेतलं होतं, ते काडीनं काढलं. मग आतल्या चाकाला तेल सोडलं आणि ते हातानं फिरवलं. आधी जड गेलं, मग सुटलं.

खाली मॅडम केबिनच्या दारात आल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या.

हरिदास चाक फिरवत राहिला. दहा फेरे, मग उलटे दहा. आवाज असा काही झाला नाही. त्यानं झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि पातळी वाचायला खाली उतरला.